रजेचं गाव

आटपाडीकडच्या झरे गावात आमची जीप पंक्चर झाली नसती, तर मी बिरदेवच्या दारात गेलेच नसते. भुरभुर पाऊस, पायाला चिखल, हातात सर्वेक्षणाचा टॅब… मी एका आंतरराष्ट्रीय संस्थेतली अर्थतज्ज्ञ, मूळची कराडची. ओसरीवर त्याची आई अंबूबाई लोकर निवडत बसली होती. तिला विचारून मी घाईघाईनं भरलं – घरात माणसं : एक.

"आन् आमी?" मागून आवाज आला. खांद्यावर घोंगडं, डोळ्यांत हसू.

"सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहणारा माणूस आम्ही धरत नाही. तुम्ही बापलेक तर दिवाळीपासून आखाडापर्यंत मेंढरांमागं…"

"मग मॅडम, आत्ता तुमी कुनासंगं बोलताय?"

मला हसू आवरेना. चूक आमच्या नियमाचीच होती. त्या एका ओळीपायी धनगरांची अर्धी वाडी कागदावर ओस पडत होती, आणि ओस वाडीला कोण शाळा देतंय नि कोण दवाखाना! ती ओळ बदलून घ्यायची म्हणून मी दोन महिने वाडीवाडीत फिरले. बिरदेव सोबत असायचा. खरं सांगू? त्यातले आठ दिवस मी उगाचच वाढवले.

"आज काय इचारायचं ऱ्हायलंय?" तो रोज म्हणायचा.

"खूप काही."

"इचारा की मग…"

मी विचारायची नाही. तोही भलतीकडेच बघत राहायचा.

नियम बदलला. माझ्या अहवालाचं कौतुक झालं आणि मला कायमची नेमणूक मिळाली – नैरोबीला. या कायमच्या नोकरीत माणसाला स्वतःच्या देशात ठेवत नाहीत. ज्याच्यासाठी दहा वर्षं जीव काढला ते हातात आलं, आणि मी ढसाढसा रडले.

विट्याच्या एसटी स्टँडवर त्याला सांगितलं. "चल माझ्याबरोबर."

"औंदा आबाचं गुडघं गेल्यात. दोनशे मेंढरं कुनाच्या गळ्यात घालू? आन् तुला ऱ्हा म्हनायला माझी जीभ रेटत न्हाई, संयोगिता. आमच्यात बाईबी कळपामागं चालती. तुझं शिक्षान काय त्येच्यासाठी हाय व्हय?"

"मला तू लय आवडतोस." शेवटी त्याच्याच बोलीत म्हणून टाकलं.

"ठावं हाय. मलाबी…"

पर्समध्ये नोकरीचा फॉर्म होता. दोन वर्षांतून एकदा संस्था रजेवर घरी पाठवते. घरचं गाव कुठलं, ते आत्ताच लिहून द्यायचं.

"मी झरे लिहिते," मी म्हणाले.

"नगं. तू येनार म्हनून मी दोन-दोन वर्सं वाट बघत बसंन. आईच्यानं आता एकटीनं घर वढवत न्हाई, सून पायजे तिला. कराड लिव."

कागद टेकवायला काहीच नव्हतं. तो पाठमोरा होऊन वाकला. त्याच्या पाठीवर मी गावाचं नाव लिहिलं, सही केली. शर्टातून हाताला ऊब लागत होती.

"काय लिवलंस?"

"कराड."

"झालं?"

"झालं."

तरी तो सरळ होईना. "थांब की जरा," जमिनीकडे बघतच तो म्हणाला, "आजून यखादी सही ऱ्हायली आसंल बग."

मी पेनाला टोपण लावलं आणि कराडची बस लागेपर्यंत त्याच्या पाठीवर हात ठेवून तशीच उभी राहिले.