दुसऱ्या आवृत्तीची तळटीप

त्रान्सितो पिचिसाका हिच्या पत्राला मी पंधरा वर्षं उत्तर दिलं नाही. पत्र साधं होतं. वहीचा रेघांचा कागद, निळी शाई आणि वर्गात पहिल्या येणाऱ्या मुलीचं असावं तसं गोल, स्वच्छ अक्षर.

मी कुएन्काच्या विद्यापीठात समाजशास्त्र शिकवत असे. तरुणपणी कान्यारच्या डोंगरातल्या एका गावात दोन वर्षं राहून मी तिथल्या घराण्यांवर पुस्तक लिहिलं. आमच्या कामात माणसांची खरी नावं छापत नाहीत. नाव बदलायचं, शिवाय ओळख पटेल अशी एखादी खूणही बदलायची. त्यात त्यांचंच भलं असतं, असं आम्ही धरून चालतो. त्रान्सितोची आई नातिविदाद हिला मी 'रोसेंदा' केलं. तिची चाल ताठ आणि भरभर होती; मी गावात असतानाच ती वारली. पुस्तकात मी तिला उजव्या पायाने अधू केलं. तेव्हा मला स्वतःच्या हुशारीचं थोडं कौतुकही वाटलं होतं.

पुढे पुरात चर्चची दफनाची वही वाहून गेली. गावच्या मेलेल्यांची यादी असलेला कागद एकच उरला, तो म्हणजे माझ्या पुस्तकाचं शेवटचं परिशिष्ट. दोन नोव्हेंबरला तिथे थडग्यावर ताट मांडतात आणि मेलेल्याला नावाने जेवायला बोलावतात. प्रार्थना म्हणणारा म्हातारा एलिओदोरो, ज्याला सगळे मानाने 'ताइता', म्हणजे बाबा, म्हणत, ती नावं माझ्या पुस्तकातून वाचू लागला.

त्रान्सितोने लिहिलं होतं : 'दोक्तोर, आई दर वर्षी यायची तेव्हा मला मागून तिची पावलं ऐकू यायची, भरभर. यंदा तुम्ही छापलेल्या नावाने हाक मारली. आली ती बाई लंगडत आली. सगळं ताट तिने संपवलं. माझी आई उपाशी आहे. तिचं नाव नातिविदाद होतं, एवढं विद्यापीठाच्या कागदावर लिहून टपालाने पाठवा. तुमचा कागद सगळे मानतात.'

एका ओळीचं काम होतं. मी घाबरलो. नावं उघड करणार नाही असं वचन दिलंय, अशी सबब स्वतःला सांगितली. आणि मग त्याहून वाईट केलं. दुसऱ्या आवृत्तीत ते पत्र तळटीपेत घातलं, लोकसमजुतीचा नमुना म्हणून. रिवाजाप्रमाणे तिचंही नाव बदललं, 'सोईला' ठेवलं. ओळख लपावी म्हणून पुढे एक वाक्य जोडलं : 'ही बाई निरक्षर असून पत्र शेजाऱ्याकडून लिहवून घेतलेले आहे.'

निवृत्तीनंतर झोप लागेना. यंदाच्या मृतांच्या दिवशी मी ते पत्र खिशात घालून सकाळच्या बसने गावात गेलो.

दफनभूमीवर धुकं उतरलं होतं. ओल्या मातीचा आणि निलगिरीच्या पानांचा वास येत होता. थडग्याथडग्यांवर उकडलेला मका, पावाच्या बाहुल्या आणि जांभळ्या कोलादाचे, म्हणजे मक्याच्या गोड पेजेचे, वाफाळते वाडगे मांडलेले होते.

"या, या दोक्तोर!" एलिओदोरो ओरडला. "आम्ही म्हटलं, आता पुढच्या वर्षी तुमचंच नाव वाचावं लागणार!"

आजूबाजूच्या बायका खदखदून हसल्या. मी त्याला बाजूला घेतलं.

"ताइता, रोसेंदा कुणी नव्हतीच. ते नाव मी बनवलं. तिचं नाव नातिविदाद."

त्याने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं आणि पुस्तकावर बोट आपटलं. "छापलंय की इथं. तुम्हीच छापलंय."

"चुकीचं छापलं. आत्ता लिहून देतो."

"हातात दिलेला कागद काय, कुणीही देईल हो. शिक्का बसून टपालाने आला, तर वाचीन पुढच्या वर्षी."

आईच्या थडग्यापाशी त्रान्सितो एकटीच बसली होती. आता पन्नाशीची झाली होती.

"तुम्हीच ना पुस्तकवाले? बसा. कोलादा घ्या, गार होईल."

"त्रान्सितो," मी म्हणालो.

तिने मागे वळून पाहिलं. "कोण त्रान्सितो? मी सोईला."

मी खिशातलं पत्र तिच्या हातात दिलं. तिने ते उलटं धरलं आणि बराच वेळ कौतुकाने पाहत राहिली.

"अक्षर किती सुरेख! कुणाचं हो?"

"तुमचं."

"काहीतरीच तुमचं, दोक्तोर! मला कुठलं लिहिता येतंय? चार बुकं शिकले असते तर इथं बटाटे खणत बसले असते का?"

पत्र मला परत देऊन ती हसली, हसताना तिने तोंडावर हात धरला. मधल्या बोटाच्या पेराला, पुष्कळ लिहिणाऱ्याला पडतो तसा घट्टा होता.

एलिओदोरोने नाव पुकारलं. "रोसेंदा!"

बायकांनी माना खाली घातल्या.

माझ्या मागे एक पाऊल वाजलं. मग काहीतरी मातीतून ओढत आलं. पुन्हा पाऊल. पुन्हा ओढत.

"मागे बघू नका," ती कुजबुजली. "पायाची लाज वाटते आईला."

मी पाहिलं नाही. ताटाकडेही पाहिलं नाही. मका चावल्याचा आवाज येत होता.

तेवढ्यात भिंतीच्या बाहेर दुसरी पावलं ऐकू आली. भरभर, ताठ. ती भिंतीच्या कडेने गेली, फाटकापाशी थांबली, परत फिरली.

"बाहेर कोण आहे?"

"कुत्रं असेल," ती म्हणाली. "दर वर्षी येतं."

मी तेव्हा हाक मारायला हवी होती. नाव ओठांवर होतं. पण वर्गाबाहेर चारचौघांत मोठ्याने बोलणं मला जन्मात जमलं नाही.

पावलं आणखी दोनदा फाटकापर्यंत आली. मग आली नाहीत.

दुसऱ्या दिवशी कान्यारच्या टपाल कचेरीतल्या बाकावर बसून मी उत्तर लिहिलं. विद्यापीठाचा जुना छापील कागद घरून आणला होता. 'तुमच्या आईचं नाव नातिविदाद. त्या सरळ चालत. तुमचं नाव त्रान्सितो. तुम्हाला लिहिता येतं. उशिराबद्दल क्षमा मागायची माझी लायकी नाही.'

पाकिटावर नाव घातलं. मग, मी सगळ्याच गोष्टी दोनदा तपासतो म्हणून, ते नाव तिच्या सहीशी ताडून पाहायला तिचं जुनं पत्र उघडलं.

मजकूर तसाच होता. अक्षर मात्र गोल नव्हतं. कुणा घाईतल्या पुरुषाचं, तिरकं होतं. आणि खाली, सहीच्या जागी, अंगठा होता.

मी त्यावरून बोट फिरवलं. शाई माझ्या बोटाला लागली.

आता ताडून पाहायला काही उरलं नव्हतं. पाकिटावरचं नाव मी बरोबरच घातलं असावं. कारकुनाने त्यावर शिक्का मारला आणि ते पोत्यात टाकलं.