उलट्या पिळाचा धागा

एवारिस्तो कोल्के पेट्या बनवायचा. हवामानाची उपकरणं पोटात घेऊन, फुग्याखाली टांगून पार हवा विरते तिथवर जाणाऱ्या, थर्मोकोलच्या, आत कार्बनच्या काड्यांचा सांगाडा असलेल्या. पेटी हलकी हवी, नाहीतर फुगा वर जात नाही. आणि दणकट हवी, कारण वर फुगा फुटला की ती पॅराशूटला लटकून खाली येते आणि मिठाच्या मैदानावर आदळते. ते मीठ म्हणजे दगडच. हलकी केली की मोडते, दणकट केली की जड होते. या ओढाताणीत एवारिस्तोचे केस पांढरे झाले होते, आणि अँडीजच्या पठारावरच्या त्या छोट्या हवामान केंद्रात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं.

मग साल्ता शहराहून देल्मिरा विल्ते आली, पेट्याच बनवायला.

तिच्या पेट्या त्याच्या पेट्यांपेक्षा हलक्या होत्या, आणि परत यायच्या तेव्हा त्यांच्यावर ओरखडासुद्धा नसायचा. एवारिस्तोने तिच्या पेट्या उलट्यासुलट्या करून पाहिल्या. तेच थर्मोकोल, त्याच काड्या, जोड तर त्याच्याहून कच्चे. तरी त्याची पेटी कोपरा चेपून यायची आणि तिची नवरीसारखी मिरवत यायची.

"नशीब हो, दुसरं काय," देल्मिरा म्हणायची, आणि त्याच्यासमोर सारण भरलेल्या गरम एम्पनादांची बशी सरकवायची. तो खायचा.

एके दिवशी केंद्रप्रमुख लिकीनबाई म्हणाल्या, "एवारिस्तो, यापुढे सगळ्या पेट्या देल्मिराच्या पद्धतीने करू. तुम्ही तिला मदत करा."

"मदत?"

"वाईट वाटून घेऊ नका. आता जरा आराम करा."

त्या दुपारी सगळे जेवायला गेले असताना त्याने देल्मिराची तयार पेटी उघडली, तळाची मुख्य काडी अर्धी कापली आणि वरून थर्मोकोल बसवून टाकलं. आता टेकताक्षणी ती दुभंगणार होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे पेटी गेली. फुगा फुटला. गाडीतल्या पडद्यावर पेटीची उंची भराभर उतरू लागली. ती शोधून आणायचं काम कासिमिरो ड्रायव्हरचं. या खेपेला एवारिस्तोही त्याच्याबरोबर निघाला.

"काय उस्ताद, आज तुम्ही जातीने?" चघळायची कोकाची पानं गालात सरकवत कासिमिरो हसला. "देल्मिराबाईंच्या पेटीचं दर्शन घ्यायला?"

"गाडी चालव."

जमिनीजवळ येता येता पडद्यावरचे आकडे मंदावले. मग जवळजवळ थांबले. शिडी उतरताना म्हातारं माणूस एकेक पायरी चाचपतं, तशी ती पेटी उतरत होती.

"बिघडलंय हे," एवारिस्तो म्हणाला.

"बाईंच्या पेटीचं नेहमी असंच होतं," कासिमिरो म्हणाला. तो आता हसत नव्हता.

पेटी पांढऱ्या मैदानात सरळ उभी होती. शेजारी पॅराशूट, नीट घडी घातलेलं. पहाटेच्या दवाने मिठाचा वरचा थर ओलसर होता. एवारिस्तोच्या बुटांचे ठसे त्यात स्पष्ट उमटले. त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणाचेच नव्हते.

"घडी कोण घालतं?"

"विचारू नका उस्ताद. मी कधी विचारलं नाही."

कासिमिरो गाडीतून उतरलाच नाही.

एवारिस्तोने तिथेच गुडघ्यावर बसून थर्मोकोल काढलं. कापलेल्या काडीवर लामा नावाच्या डोंगरी जनावराच्या लोकरीचा धागा घट्ट गुंडाळला होता, काळा-पांढरा, डावीकडे म्हणजे उलटा पिळलेला. एवारिस्तोच्या गावात मयताच्या मनगटाला असाच धागा बांधत.

संध्याकाळी त्याने कापलेल्या काडीसकट तो धागा देल्मिरासमोर ठेवला. तिने त्याला हात लावला नाही.

"काडी तुम्ही कापलीत?"

त्याने धागा तिच्याकडे आणखी सरकवला.

"मी आले तेव्हा पहिल्याच खेपेला पॅराशूट उघडलं नव्हतं," ती हळू आवाजात म्हणाली. "पेटी दगडासारखी येत होती. मी घाबरून नुसतं म्हटलं, झेला कुणीतरी. तेव्हापासून झेलतात. मला झोप नाही हो, एवारिस्तो."

त्याला तिची दया यायला हवी होती. पण त्याच्या मनात एवढंच आलं, की हिलाच का? उभा जन्म मी इथे घासला आणि यांनी झेललं ते हिचं.

"नको असेल तर मला दे," तो म्हणाला.

देल्मिरा उठून दाराशी गेली. "ते माझं नाहीच, तर देऊ काय? मागून बघा." त्याच आठवड्यात राजीनामा देऊन ती साल्ताला निघून गेली.

पुढची पेटी एवारिस्तोची होती, आजवरची सगळ्यात हलकी. सोडताना त्याने ओठ न हलवता म्हटलं, "माझीही झेला."

ती मैदानात सरळ उभी सापडली. पॅराशूटची घडी देल्मिराच्यापेक्षाही सुबक होती. पेटी छातीशी धरून तो परत आला तेव्हा लिकीनबाईंनी टाळ्या वाजवल्या. "वा! उस्ताद ते उस्तादच!"

एवारिस्तोचे डोळे भरून आले.

सगळे गेल्यावर त्याने पेटी उघडली. उपकरणं शाबूत होती, काड्या शाबूत होत्या. कुठेही धागा नव्हता. त्याला जरा वाईटच वाटलं. त्याने उपकरणं काढून ठेवली आणि रिकामी पेटी वजनकाट्यावर ठेवली.

आकडा स्थिर होईना.

त्याने खिडकी लावली. पंखा बंद केला. टेबलाला धक्का लागू नये म्हणून दोन पावलं मागे सरकला.

आकडा थोडा चढत होता. थांबत होता. थोडा उतरत होता.

एवारिस्तोने आपला श्वास रोखून धरला.

आकडा पुन्हा चढला, थांबला आणि सावकाश उतरला, गाढ झोपलेल्या माणसाच्या छातीसारखा.