बिनपाण्याची साफसफाई

टँकरचं पाणी संपलं तेव्हा रांगेत माझाच नंबर होता. पुढचा माणूस कळशी भरून बाजूला झाला आणि नळीतून नुसती हवा आली... एक लांब, कोरडा उसासा.

"अर्धं घ्या," तो वळून म्हणाला.

"नको."

"घ्या हो बाई. सगळ्यांदेखत एकट्यानं नेऊ का?"

त्यानं माझ्या घागरीत पाणी ओतलं. मी आत डोकावले. "हे अर्धं नाही. दोन बोटं कमी आहे."

तो क्षणभर बघतच राहिला, मग हसला. "मोजून राहिलात व्हय? म्हणजे मुलींच्या शाळेतल्या सायन्सच्या बाई त्या तुमीच." आणि त्यानं खरंच आणखी दोन बोटं पाणी ओतलं.

लातूर जिल्हा होऊन आठ महिने झाले होते. कचेऱ्यांच्या पाट्या नव्या होत्या, विहिरी जुन्याच, आणि आटलेल्या. मी नांदेडहून नोकरीसाठी आले होते, एका खोलीत राहत होते. तो मागच्याच गल्लीत राहायचा. रेवणसिद्ध. गंज बाजारात त्याचं बियाण्यांचं दुकान होतं. त्या वर्षी पोती भरलेलीच पडून होती.

"एवढ्याशा पाण्याचं काय करणार?" चालता चालता त्यानं विचारलं.

"पिणार. पाडव्याची साफसफाई पाण्याशिवाय करायची."

त्यानं कळशी दुसऱ्या खांद्यावर घेतली. "आमच्या घराला आई गेल्यापासून कुणाचा हात न्हाई लागला. जिल्हा झाला त्याच आठवड्यात गेली. गोलाईच्या चौकात फटाके वाजून राहिले होते, अन् आम्ही तिला घेऊन चाललो होतो." मग एकदम म्हणाला, "मला शिकवाल?"

मी आलेखाच्या कागदावर अकरा मुद्दे लिहून दिले. आधी छत, मग भिंती, शेवटी फरशी. धूळ खालीच येते. जळमटांसाठी काठीला कडुनिंबाचे डहाळे बांधा. फरशीवर लाकडाचा भुसा पसरून झाडा, भुशाला रॉकेलचे चार थेंब. चुलीची राख कपड्यातून चाळून डब्यात वेगळी ठेवा. काचा आणि पितळ तिनंच निघतील.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो कागद घेऊन दारात उभा.

"गाद्यांचा मुद्दा कळला न्हाई. दोन तासांनी पलटा म्हणजे काय?"

"ढेकूण उन्हाला भिऊन खालच्या बाजूला जातात. पलटलं की सापडतात."

"हुशार हायत."

"काही माणसांपेक्षा."

तिसऱ्या दिवशी पुन्हा आला. चौथ्याही.

"रोज बरोब्बर एकच मुद्दा कसा कळत नाही तुम्हाला?"

"अकरा हायत ना," तो कागदाकडे बघत म्हणाला. "अकरा दिवस पुरवायचे हायत."

मी दाराआड तोंड फिरवून हसले. त्या उन्हाळ्यात हसायला फारसं काही नव्हतं. शाळेत मुली भोवळ येऊन पडत होत्या... आणि मी मात्र दिवसभर संध्याकाळची वाट बघत होते.

नवव्या दिवशी त्यानं कागद उघडलाच नाही.

"पाडव्याला उदगीरची माणसं येणार हायत. घर बघायला." थोडं थांबून — "घर, अन् मला. उमाआत्यानं जमवलंय. वर्षाच्या आत करायचं म्हणून राहिली. अप्पा आत्याचा शब्द मोडत न्हाईत."

माझ्या हातात घागर होती. ती मी नीट खाली ठेवली.

"मग काचा राहू देऊ नका," मी म्हणाले.

"एवढंच म्हणणार तुमी?"

"दहावा मुद्दा वाचा."

पाडव्याच्या आदल्या दिवशी उमाआत्याचाच निरोप आला: काचा निघंनात, बाईंना बोलवा. मी गेले. दुसऱ्या कुणासाठी त्याचं घर घासायला मी गेले, कारण तेवढ्या निमित्तानं एकदा आत जाता येणार होतं.

सामान सगळं अंगणात काढलं होतं. गोठा रिकामा होता. खुंट्याला नुसतं दावं. त्याची आई जिला रोज हातानं चारायची ती गाय माघात चारा छावणीत मेली होती. सोप्यात त्याचे वडील माणिकप्पा बसले होते. बायको गेल्यापासून ते फार बोलत नसत.

सामानात राखेचा डबा होता. मी चिमूट घेऊन बोटांत चोळली. इतकी मऊ, पांढरी, सारखी... रेवणसिद्धनं माझा मुद्दा फारच मनावर घेतलेला दिसत होता. मला बरं वाटलं. ओलसर फडक्यावर घेऊन मी दोन खिडक्यांच्या काचा घासल्या. मग भिंतीवरचा आरसा. त्याच्या आईचा, सागवानी चौकट, कोपऱ्यांत कोरलेली फुलं, काच धुरानं काळी. उरलेली सगळी राख त्याला लागली.

काच उजळली तसा आरशात माझ्यामागे तो दिसला. बघत उभा होता.

"अकरावा मुद्दा," तो हळूच म्हणाला.

"सोपा आहे. वस्तू जिथून काढली तिथंच परत ठेवा."

"अन्... आलेल्याला परत पाठवायचंच नसंल तर?"

माझं फडकं एकाच जागी फिरत राहिलं.

दुपारी माणिकप्पा तांब्याभर पाण्यात अंघोळ करून पूजेला बसले. डाव्या तळहातावर इष्टलिंग. उजव्या हातानं डबा ओढला, उघडला, आणि हात तसाच राहिला.

"विभूती," ते म्हणाले.

रेवणसिद्धचा चेहरा उतरला. कुणी काही सांगायच्या आधी मला कळलं. आमच्याकडे विभूती म्हणजे दुकानातली घडीव वडी. ही घरची होती. गेल्या वर्षीच्या शिवरात्रीला त्याच्या आईनं त्याच गायीच्या गोवऱ्या जाळून, फडक्यातून सात वेळा चाळून केलेली. ती गेल्यापासून अप्पा रोज चिमटीभर लावत होते, पुरवून पुरवून. आता ती नव्हती. गायही नव्हती.

"उंदरानं सांडली असंल," उमाआत्या म्हणाली. "सामान उघड्यावर हाय."

सगळ्यांनी ते मानलंही असतं.

"उंदीर नाही," मी म्हणाले. "मी. मला वाटलं घासायची राख आहे."

आत्या उसळली. "तुमच्यात न्हाई ना असलं काही? मग हात कशाला लावलास? नीघ, चपला घाल अन् नीघ!"

मी चपलांकडे वळले.

"काय घासलंस?" माणिकप्पांनी विचारलं.

"दोन खिडक्या... आणि आरसा."

लिंग तळहातावर धरूनच ते उठले, आरशासमोर गेले. आठ महिन्यांत वाळलेला स्वतःचा चेहरा बघत राहिले. मग बोट उचललं. चौकटीच्या कोरीव फुलांत, जिथं माझं फडकं पोचलं नव्हतं, तिथं पांढरी राख बसली होती. ती त्यांनी बोटावर घेतली आणि कपाळावर ओढली.

"चौकट पुसू नगंस," ते म्हणाले.

"नाही पुसणार."

"अप्पा," रेवणसिद्ध पुढे आला. "उदगीरला निरोप धाडू द्या. ह्यांना मी जाऊ देणार न्हाई."

"अरे, शब्द दिलाय मी!" आत्या ओरडली.

माणिकप्पा आरशाकडून वळले. "उंदरावर ढकलून सुटली असती पोरगी," ते म्हणाले. "उमा, निरोप धाड."

रेवणसिद्धनं वाकून माझ्या चपला उचलल्या आणि दाराआड, आईच्या चपला असायच्या तिथं, ठेवल्या.

जातीबाहेरचं म्हणून आमच्या लग्नाला नांदेडहून कुणी आलं नाही. वडील चार वर्षं माझ्याशी बोलले नाहीत. गोठा पुढे दोन वर्षं रिकामाच राहिला. अप्पा रोज पूजेला दुकानातली विभूती लावायचे. चौकटीतली फक्त शिवरात्रीला, एक बोट.

ते गेले तेव्हा रेवणसिद्धनं खराट्याच्या काडीनं कोपऱ्यांतली उरलेली सगळी राख काढली आणि त्यांच्या कपाळी लावली.

आता नळाला पाणी येतं. दर पाडव्याला मी घर वरपासून खालपर्यंत पुसून काढते. छत, भिंती, काचा, फरशी. चौकटीच्या कोपऱ्यांत काहीच उरलेलं नाही, हे मला माहीत आहे.

तिथं मी फडकं नेत नाही.