दुसऱ्या दिवशीची सही

दीर्घकार्य प्रयोगशाळेच्या बैठकीच्या खोलीत बारा खुर्च्या होत्या, पण प्रणिता उरकुडेला त्यांतली एकही चालेना. ती खिडकीपर्यंत जायची, काचेवर बोटं वाजवायची आणि परत दारापाशी यायची. बाहेर रस्त्यांवर ताणलेल्या छायापटांवर नागपूरचा मे महिना तापत होता. आत भिंतीतल्या शीतकातून वाळ्याचा मंद वास येत होता. एरवी तिला तो आवडायचा, आज तोही डोक्यात जात होता.

सगळं सुरू झालं ते आईच्या फोनपासून. आईला अठ्ठ्याहत्तर पूर्ण झालेली, एका डोळ्याने दिसत नाही आणि दुसराही आता त्याच वाटेला लागलाय. सकाळी तिने नेहमीचाच प्रश्न विचारला होता. "झालं का व माय तेरावं? मी हाय तवरी वाचून दाखव."

"झालंच समज," असं म्हणून प्रणिताने फोन ठेवला आणि तेरावं प्रकरण शोधायला आपली लेखनपाटी उघडली. पाटीने एक नाही, एकेचाळीस तेरावी प्रकरणं समोर टाकली.

अकरा वर्षं ती एकच कादंबरी लिहीत होती. कोळशाच्या खाणीसाठी उठवलेल्या पिपरडोह या गावाची. गाव उठलं तेव्हा ती दहा वर्षांची होती. बारा प्रकरणं झाली होती आणि तेरावं गाव रिकामं होण्याच्या दिवसाचं होतं. त्याचे एकेचाळीस खर्डे, सगळे 'रद्द' या कप्प्यात. प्रत्येकाच्या वर तिची सकाळची टीप, 'आज झकास जमणार!' आणि प्रत्येकाच्या शेवटी संध्याकाळची लाल फुली. रद्द का केलं, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. एखादी गोष्ट खुपत असते तेव्हा ती आपण विसरू असं कुणाला वाटतं?

आणि एकेचाळीसही खर्डे जवळजवळ सारखेच होते. प्रत्येकात आई पिंपळाखाली उभी राहून हसत होती आणि म्हणत होती, "चला, नवी सुरुवात करू."

"मॅडम, आत या. सर बोलावून राहिले," दारातून करुणा गजभियेने हाक मारली. प्रयोगशाळेच्या नोंदी, चाव्या आणि चहा हे सगळं ती सांभाळायची.

डॉ. हर्षल खांडवे साठीचे होते, पण चेहरा असा टवटवीत की आत्ताच अंघोळ करून आलेत असं वाटावं. "या, या प्रणिताताई! न बोलावता पहिल्यांदाच आलात. बसा."

"बसायला नाही आले. कानामागचा दाणा काढून टाका."

डॉक्टर हसले. "का बरं? बोचतोय?"

"बोचत नाही, हीच तर तक्रार आहे." तिने पाटी त्यांच्या पुढ्यात ठेवली. "पाच वर्षांपूर्वी तुम्ही मला काय सांगितलं होतं, ते पुन्हा एकदा सांगा. नीट, सगळं."

डॉक्टरांना समजावून सांगायला आवडायचं. ते खुर्चीत पुढे सरकले. "साधी गोष्ट आहे. दिवसभरातलं काय लक्षात ठेवायचं, हे मेंदू झोपेत ठरवतो. ज्याने मनाला लागलं ते जास्त घट्ट बसवतो. मोठं काम करणाऱ्या माणसाला हेच मारतं. कादंबरीकार, संशोधक, कोशकार, कुणीही घ्या. रोजची थोडी थोडी खंत साठत जाते आणि तीनचार वर्षांत माणूस काम सोडून देतो. आपला खंतनिवारक दाणा झोपेत फक्त लक्ष ठेवतो. कामाबद्दलची खंत चिकटलेला ठसा आला, की तो पक्का होऊ देत नाही. बोच रात्रीतच जाते. घटना काही दिवस साधारण आठवते, मग तीही पुसट होते. माणूस रोज सकाळी पहिल्या दिवसाच्या उमेदीने कामाला बसतो. तुम्ही बसता की नाही?"

"बसते ना. एकेचाळीस वेळा बसले." तिचा आवाज चढला. "संध्याकाळी मला कळतं की हे खोटं आहे. रद्द करते. रात्री झोपते आणि तुमचा दाणा ते कळणंच पुसतो. डॉक्टर, ती बोच म्हणजे नुसतं वाईट वाटणं नव्हतं हो. काय चुकलंय त्याची माहिती होती ती. माझ्याकडे तेवढीच होती."

पाटीवरचे खर्डे डॉक्टरांनी एकामागून एक सरकवले. चेहऱ्यावरचा टवटवीतपणा थोडा उतरला.

"हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं," ते म्हणाले. "पाच वर्षांत एकही तक्रार नाही. तुमची पहिलीच."

चहा ठेवायला आलेली करुणा थांबली. तिने एक सुस्कारा सोडला, बाहेर जाऊन नोंदवही आणली आणि टेबलावर उघडून ठेवली.

"नववी," ती म्हणाली. "मॅडम नवव्यांदा येऊन राहिल्या, सर. आन् दर वेळी तुम्ही हेच म्हणता, लक्षात नाही आलं."

प्रणिताने वही ओढून घेतली. आठ तारखा, आठही ठिकाणी तिची सही. त्याच्या पुढच्या रकान्यात, दुसऱ्या दिवसाच्या तारखेला, आठ वेळा तिच्याच अक्षरात 'अर्ज मागे घेतला'. एकदा तर शेजारी हसरा चेहरा काढला होता.

"तुम्हाला आठवत कसं नाही?" तिने डॉक्टरांना विचारलं. पण तोवर त्यांचा हात आपसूक स्वतःच्या कानामागे गेला होता.

"काऊन म्हणजे? सरांनी सगळ्यात आधी सोतालेच बसवला ना तो," करुणा म्हणाली. "तुम्ही गेल्या का हे दिवसभर बेचैन राहतात. करुणा, हा दुसऱ्या सहीचा नियम बदलला पाहिजे, म्हणतात. सकाळी शीळ घालत येतात."

तो नियम डॉक्टरांनीच केला होता. सुरुवातीला लोक रागाच्या भरात दाणा काढून घ्यायचे आणि मग पस्तावायचे. म्हणून ठरलं की काढायचा अर्ज एक दिवस करायचा आणि झोप काढून, शांत डोक्याने, दुसऱ्या दिवशी पुन्हा सही करायची. कायद्याच्या दृष्टीने यात काही वावगं नव्हतं. फक्त ज्या झोपेनंतर सही करायची, तीच झोप सही करायचं कारण घेऊन जात होती.

प्रणिता पुन्हा येरझारा घालू लागली. आठ वेळा ती इथून ठाम निश्चय करून गेली होती आणि आठ वेळा सकाळी उठून हसली होती. आईचा एक डोळा गेला तो याच काळात. तिला रडू येत होतं आणि त्याचबरोबर हे रडूही उद्या राहणार नाही याची भीती वाटत होती.

"जागी राहिले तर?"

"तिसऱ्या वेळी तसंच केलं तुम्ही. कॉफी पिऊन पिऊन सकाळी इथं आल्या आन् बाहेरच्या खुर्चीवर दहा मिनिटं डोळा लागला."

"माझं बोलणं कॅमेऱ्यात टिपून ठेवा. उद्या दाखवा मला."

"दाखवलं ना बाप्पा. चौथ्या वेळी. कसं तोंड करून बसली मी, म्हणून पोट धरून हसल्या."

"आणखी काय केलंय मी?"

"पत्र लिहिता. दर वेळी. माझ्यापाशी ठेवून जाता, उद्या मले वाचाले दे म्हणून. मी देते. तुम्ही वाचता, म्हणता, काल फारच मनावर घेतलं मी. आन् सही करून जाता."

प्रणिता खुर्चीवर बसली. आल्यापासून पहिल्यांदाच. उद्याची ती बाई तिच्या डोळ्यांसमोर उभी राहिली. प्रसन्न, वेळेवर येणारी, कुणाचंही मनावर न घेणारी. तिला सांगून उपयोग नव्हता. सुखी माणसाला सल्ला दिला तर तो मान डोलावतो आणि चहा पितो. तिला काहीतरी व्हायला हवं होतं, तेही उद्याच्या उद्या, पुन्हा झोप लागायच्या आत.

"आधीची आठही पत्रं आहेत?"

"हायेत ना."

"मग उद्या एकटं आजचं नको देऊस. सगळी दे, पहिल्यापासून, ओळीने. आणि ती वाचल्याशिवाय मला कशावरही सही करू देऊ नकोस."

अर्जावर पहिली सही करून तिने कोरे कागद मागून घेतले. कुणाला पटवायचं नाही, एवढंच तिने ठरवलं. जे आत्ता खुपत होतं तेवढंच लिहायचं. पाऊण तास ती मान खाली घालून लिहीत होती आणि डॉक्टर समोर बसून एकाच पेनाचं टोपण काढत होते, लावत होते.

दुसऱ्या दिवशी प्रणिता ठरल्या वेळेच्या दहा मिनिटं आधी आली. करुणासाठी तिने संत्रा बर्फीचा पुडा आणला होता. काल आपण इथे आलो होतो, कसलासा अर्ज केला होता, डॉक्टरांशी गप्पा झाल्या, एवढं तिला आठवत होतं. एकेचाळीस खर्डेही आठवत होते. काय चिकाटी आपली, असं वाटून रिक्षात तिला उगीचच बरं वाटलं होतं. बेचाळिसावा नक्की जमणार होता.

"अर्ज मागे घ्यायचाय ना?" शीळ थांबवून डॉक्टरांनी विचारलं.

"अर्थात. काल काय शिरलं होतं डोक्यात कुणास ठाऊक."

दोघंही हसले. करुणा हसली नाही. तिने कागदांचा गठ्ठा प्रणिताच्या हातात दिला. "आधी हे वाचा. तुमचीच ताकीद हाय, वाचल्याबिगर सही नाही करू द्यायची."

"अगं, पण..."

"वाचा."

पहिलं पत्र नुसता आरडाओरडा होता. 'प्रणिता, मूर्ख बाई, ऐक माझं!' प्रणिता खुदकन हसली. दुसऱ्यात मुद्दे होते, एक ते सात. तिसरं कॉफी पिऊन लिहिलेलं, त्यात अर्धी वाक्यं पुरी नव्हती. चौथं तिने वरवर चाळलं. पाचव्याच्या मध्येच एक ओळ होती, 'आई त्या दिवशी हसली नव्हती, तुला माहीत आहे.' प्रणिताने पान उलटलं आणि बर्फीचा तुकडा तोंडात टाकला. सहाव्यात आज्ञा कमी होत्या. सातव्यात शेणाचा वास आला. आठव्यात 'प्रणिता' हा शब्दच नव्हता.

नवव्यात फक्त घर होतं. गाव रिकामं करायच्या दिवशी पहाटे उठून आईने घर सारवलं होतं. दुपारी ज्यावर यंत्र फिरणार होतं ते घर, ओसरीपासून चुलीपर्यंत, हाताच्या लांब ओढींनी. सामान ट्रकवर चढलं, माणसं चढली आणि आई दारात आडवी उभी राहिली, कुणी ओल्यावर पाय देऊ नये म्हणून. आत राहिलेली घागर आणायला बाबा निघाले तर त्यांनाही तिने थांबवलं. 'ट्रकवाल्याने तीनदा हॉर्न वाजवला,' असं त्यात लिहिलं होतं. 'आई म्हणाली, वाळू दे.'

तिथे कागद संपला होता.

प्रणिताने ते पान पुन्हा वाचलं. मग तिसऱ्यांदा. तोंडातल्या बर्फीची चव कुठे गेली ते तिला कळलं नाही. तिने आपली पाटी काढली, एकेचाळिसावा खर्डा उघडला आणि दोन्ही शेजारीशेजारी धरले. इकडे आई पिंपळाखाली हसत होती.

"हे कुणी लिहिलंय?" तिने विचारलं.

"तुम्हीच. काल, इथंच बसून."

"अक्षर माझंय, ते दिसतंय मला." तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या होत्या. "मला नाही येत असं लिहिता. मी अकरा वर्षं या दिवसावर बसलेय आणि ही बाई पाऊण तासात, तुमच्या असल्या कागदावर... हिला कसं जमलं?"

डॉक्टर काळजीने पुढे झुकले. "प्रणिताताई, बरं वाटत नाहीये का? काय होतंय नेमकं?"

तिने स्वतःच्या मनात डोकावून पाहिलं. पाच वर्षांत अशी वेळ आली नव्हती. आलीच असेल तर आठवत नव्हती.

"हेवा," ती म्हणाली. "जळतेय मी, डॉक्टर. तिचं ते पान मला हवंय आणि त्याच्या पुढचंही हवंय. आणि ते मला तुमच्या दाण्यासकट मिळणार नाही. कुठे करायची सही?"

करुणाने बोट ठेवलं. प्रणिताने इतक्या जोरात सही केली की कागद थोडा फाटला. कालची सही आणि आजची, मध्ये एक झोप. नियमात सगळं बसत होतं.

दाणा काढायला दहा मिनिटं लागली. जागा बधिर केल्यावर डॉक्टर म्हणाले, "डोळे मिटून पडा निवांत." पण तिने पापणीसुद्धा लवू दिली नाही. छताकडे टक लावून ती पुटपुटत राहिली, वाळू दे, वाळू दे. तांदळाएवढा दाणा चिमट्यात धरून डॉक्टर बराच वेळ पाहत उभे राहिले. त्यांचाही चेहरा उतरला होता.

"हा नियम बदलला पाहिजे," ते म्हणाले. "उद्या सकाळी समितीला सविस्तर लिहितो."

"उद्या नाही, सर," करुणा म्हणाली आणि त्यांच्यापुढे कागद सरकवला. "आत्ता लिहा. मी इथंच उभी हावो."

घरी आल्यावर प्रणिताने नववं पत्र पुढे न्यायचा प्रयत्न केला. तिने चार पानं लिहिली आणि चारही फाडली. आई दारात उभी आहे, ट्रक थांबलाय आणि पुढचं वाक्य येत नाही. आपल्याला हे कधीच जमणार नाही, असं तिला अगदी स्पष्ट, लख्ख वाटलं. आपण आईला फसवतोय असंही वाटलं. ती तशीच न जेवता झोपली.

सकाळी जाग आली तेव्हा ते सगळं वाईट वाटणं जागच्या जागी होतं. चौथ्या पानावर नेमकं काय चुकलं होतं, तेही होतं. तिने तोंडही धुतलं नाही, सरळ टेबलापाशी गेली.