सगळ्यांचे डोळे उघडून ठेव

तुम्ही विश्वास ठेवावा असा माझा आग्रह नाही. माझ्या सख्ख्या भावानेच ठेवलेला नाही, तिथे तुमचं काय! पण ही गोष्ट खरी आहे. माझ्यासमोर घडलेली आहे. आणि तीही रात्री नाही, चांगल्या लख्ख दुपारी.

जागा म्हणजे आमची रंगवायची खोली. एका शिंप्याच्या दुकानावर. रस्त्याकडे एक खिडकी, दोन टेबलं, दोन स्टुलं आणि खोलीच्या मधोमध एक उंच मांडणी.

टेबलावर लढाईचे खेळ मांडणारे शौकीन असतात. त्यांची अख्खी सैन्यं असतात, एकेक सैनिक अंगठ्याएवढा. प्लास्टिकचे करडे सैनिक ते आमच्याकडे पाठवायचे आणि आम्ही रंगवून परत द्यायचो. आम्ही म्हणजे मी आणि माझा धाकटा भाऊ. त्याला सगळे बारक्या म्हणतात, अंगाने चांगला दांडगा असला तरी.

कामाची वाटणी ठरलेली होती. सैनिक बुचावर चिकटवायचा, त्याला काळा प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा पहिला हात, मारायचा, मग कपडे, चिलखत, पट्टे. हे माझं. चेहरा बारक्याचा. आणि सगळ्यात शेवटी डोळे. आधी पांढरी रेघ, मग तिच्यात काळा ठिपका. याला आम्ही ‘डोळे उघडणं’ म्हणायचो.

“ताई, या खोलीत लोकांचे डोळे उघडणारा मी एकटाच,” तो ऐटीत सांगायचा.

ब्रशला टोक यावं म्हणून तो ब्रश ओठांत धरून ओढायचा. खालच्या ओठावर कायम काळा डाग. मला शिसारी यायची.

“अरे, रंग म्हणजे काय चटणी आहे का चाटायला?”

तो हसायचा. पालथ्या घड्यावर पाणी.

आई-बाबा गेल्यापासून आम्ही दोघंच एकमेकांना. भांडायचो कडाकडा, पण संध्याकाळी चहा एकत्रच. ती खोली गेली तर नवी मिळाली असती. तो गेला असता तर मला कोणीच उरलं नसतं.

दुपारी जेवायला मी घरी जायचे, तो समोरच्या खानावळीत. दोघांकडे एकेक किल्ली.

त्या दुपारी मी वैतागले होते. चेहरे झालेले सैनिक मांडणीवर तसेच पडून होते, आणि बारक्यासाहेबांचं टेबल मांडणीच्या पलीकडे, दारातून न दिसणारं. दारातूनच मी ओरडले, “सगळ्यांचे डोळे उघडून ठेव रे! येते मी जेवून.”

मांडणीमागून आवाज आला...

“हं.”

मी दार ओढून घेतलं आणि गेले.

परत आले तर खोलीत कोणी नव्हतं. मांडणीकडे बघितलं, आणि मी जागीच थांबले.

सगळ्यांचे डोळे उघडले होते.

चेहरे झालेल्यांचे उघडले होतेच. पण ज्यांना प्रायमरशिवाय काही लागलंच नव्हतं... त्यांचेही. काळी ठिक्कर तोंडं, त्यांत पांढरे डोळे.

आणखी एक गोष्ट होती. बारक्याचे सैनिक नेहमी डावीकडे बघतात, त्याच्या हाताला तसं सोपं पडतं. हे मात्र...

वर बघत होते. जो त्यांना हातात धरील त्याच्याकडे.

तेवढ्यात बारक्या दात कोरत आला. बघितलं आणि त्याचा चेहराच उतरला.

“ताई, हे काय करून ठेवलंस?”

“मी? अरे, वर तोंड करून मलाच विचारतोस?”

“मग काय भुताने येऊन रंगवले?”

आम्ही दोघंही हसलो. तेव्हा हसू आलं.

काळ्या सैनिकांना मी पुन्हा प्रायमर मारला. दुसऱ्या दिवशी जेवून आले... पुन्हा तेच.

मी आधीच संशयी. त्यात हे. त्याचा ब्रश बोटांनी चाचपला, टोक ओलं. त्याने माझं स्टूल दाखवलं, खिडकीकडे सरकलेलं. मला वाटलं, हा खानावळीतून लवकर येऊन माझं काम बिघडवतोय. त्याला वाटलं, ताईला मी काढलेले डोळे पसंत नाहीत, म्हणून ही टोमणा मारतेय.

संध्याकाळचा चहा वेगवेगळा होऊ लागला.

तिसरी किल्ली खालच्या शिंपीकाकांकडे होती. मी सरळ त्यांच्यावरच घसरले.

“मी?” काकांनी मशीन थांबवलं. “अगं बाई, गुडघे बघ माझे. तो जिना चढायचा तर मला चौघं लागतील, आणि ते एकदाच येतात.”

मग त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

“पण एक सांगू का? तुम्ही जेवायला गेलात की वर स्टूल सरकतं. मग पेल्यात ब्रश धुतल्यासारखं वाजतं... टिंग, टिंग. मला वाटायचं, तुमच्यातलं कोणीतरी एक मागे राहतं.”

कोणीतरी एक! मी तडक वर गेले.

“कबूल कर बारक्या. पहिल्या दिवशी मी सांगितलं आणि तू ‘हं’ म्हणालास.”

“कधी?”

“मी दारातून ओरडले तेव्हा. सगळ्यांचे डोळे उघडून ठेव म्हणाले, तर तू मांडणीमागून ‘हं’ म्हणालास.”

बारक्याने हातातला ब्रश खाली ठेवला.

“ताई, त्या दिवशी मी तुझ्या आधी बाहेर पडलो होतो. खाली काकांशी गप्पा मारत उभा होतो. तू माझ्यामागून उतरलीस, आणि न बघता तरातरा निघून गेलीस.”

मी खाली जाऊन विचारलं. काकांनी मान डोलावली. उभा होता म्हणाले.

मी रिकाम्या खोलीला काम सांगितलं होतं. आणि खोलीने ते ऐकलं होतं.

“हे तूच रचतेयस,” बारक्या म्हणाला. “किंवा तुला कळत नाहीये तू काय करतेस ते.”

मग मीच म्हटलं, चल, सोक्षमोक्ष लावू. दुसऱ्या दुपारी कोणीच जेवायला गेलं नाही. दाराला आतून कडी घातली. मधे एक टेबल, त्यावर बुचावर उभा एक काळा सैनिक. आम्ही समोरासमोर बसलो, चारही हात टेबलावर. पाण्याचा पेला लांब, खिडकीच्या कट्ट्यावर.

खाली काकांचं मशीन चालू होतं. बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

मग काकांचं मशीन थांबलं...

टिंग.

आम्ही दोघांनी एकदम खिडकीकडे बघितलं. तिथे कोणी नव्हतं. पेल्यातलं पाणी मात्र हलत होतं. आणि त्यात हळूहळू काळा रंग उतरत होता.

आम्ही पुन्हा टेबलाकडे वळलो.

सैनिकाचे डोळे उघडले होते. रंग अजून ओला, चकाकत होता. तो वर बघत होता, बारक्याकडे.

“बघितलंस ना आता?” मी म्हणाले. “बघितलंस ना? मी हललेसुद्धा नाही!”

बारक्या सैनिकाकडे बघत नव्हता. माझ्याकडे बघत होता. माझ्या तोंडाकडे.

“ताई... तुझा ओठ.”

मी बोट लावलं. बोट काळं झालं.

मी आयुष्यात कधी ब्रश तोंडात घातलेला नाही. आणि आता जिभेवर रंगाची चव होती, कडवट.

“एक हात टेबलाखाली होता तुझा,” तो म्हणाला.

नव्हता. माझे दोन्ही हात वरच होते, मला पक्कं आठवतंय. पण कोणाची शपथ घेऊन सांगणार? तो ऐकायला थांबलाच नाही. त्याच आठवड्यात त्याने आपलं टेबल, ब्रश, रंग, अर्धवट राहिलेलं सैन्य, सगळं उचललं आणि दुसऱ्या शहरात खोली घेतली. निघताना एवढंच म्हणाला, “डॉक्टरला दाखव ताई. मी वाईटावर नाहीये तुझ्या.”

मला त्या बोलण्याचा राग आला नाही. रडू आलं.

मी रंगवणं सोडलं. आता खाली शिंपीकाकांकडे काजं-बटणं करते. वरची खोली रिकामीच आहे. दुपारी काका मशीन थांबवून डबा उघडतात, तेव्हा मी मुद्दाम कान देऊन ऐकते. स्टूल सरकत नाही. पेला वाजत नाही. काहीच नाही. काका म्हणतात, सुटलीस बाई एकदाची.

मलाही तसंच वाटायला लागलं होतं. गेल्या आठवड्यापर्यंत.

गेल्या आठवड्यात बारक्याचा फोन आला. कितीतरी दिवसांनी. मी आनंदाने कसा आहेस, जेवलास का, विचारत सुटले. तो मला मधेच तोडून हळूच म्हणाला, “ताई, एक विचारतो. खरं सांग, मी रागावणार नाही.”

“विचार की.”

“दुपारी मी जेवायला गेलो की... तू इथे येऊन जातेस का?”

मी नाही म्हणाले. आईची शपथ घेतली. मी त्या शहरात पाऊलसुद्धा ठेवलेलं नाही, काकांना विचार, म्हणाले.

“बरं,” तो म्हणाला, आणि त्याने फोन ठेवला.

माझा भाऊ आहे तो. त्याचं पटलेलं ‘बरं’ कसं असतं ते मला चांगलं ठाऊक आहे. हे ते नव्हतं. तेव्हापासून मी रोज फोन करते आहे, आणि तो उचलत नाही.