मलपृष्ठावरचं दार

पटलं नाही तर सोडून द्या. पण खोटं म्हणू नका, कारण यात माझी आई आहे.

यात पडका बंगला नाही. स्मशान नाही. मध्यरात्रसुद्धा नाही. तिसऱ्या मजल्यावरचा आमचा साधा फ्लॅट, शनिवारची संध्याकाळ आणि एक पुस्तक. बस.

माझी मोठी बहीण पुस्तकांची मुखपृष्ठं करते. घरातच, पुढच्या खोलीत, कॉम्प्युटरवर. कोणाकडे पाहुणी म्हणून गेली तरी ताई आधी त्यांचं पुस्तकांचं कपाट गाठते. चहा गार होतो, घरची माणसं ताटकळतात आणि ही एकेक पुस्तक उलटसुलट करून बघत बसते. अक्षरं कुठे बसवलीत, रंग किती जपून वापरलेत, चित्रकाराने काय दाखवायचं टाळलंय... आई म्हणते, "ही पुस्तकं नुसती न्याहाळते. वाचते कधी, देव जाणे."

एका प्रकाशकाने तिला एक जुनी कादंबरी आणून दिली. नवी आवृत्ती काढायची होती. जुनं मुखपृष्ठ ज्याने केलं, तो चित्रकार जाऊन बरीच वर्षं झाली होती.

ते चित्र बघितलं आणि ताईने मला हाक मारली.

"इकडे ये. बघ हे."

एक अंधारा जिना. जिन्यात पिवळ्या कपड्यांतली एक मुलगी, पाठमोरी. डावा हात लांब केलेला. पुस्तकाचं नाव अंधारात असं मुरवलेलं, की आधी मुलगी दिसावी आणि मग अक्षरं.

"छान आहे," मी म्हणालो.

"अर्धंच बघितलंस तू."

ताईने पुस्तक मधोमध उघडून टेबलावर पालथं ठेवलं.

आता सगळं चित्र दिसलं. मुलीचा हात मुखपृष्ठावरून निघून पुस्तकाच्या कण्यावरून पलीकडे गेला होता. तिथे, मलपृष्ठावर, एक बंद दार होतं. तिची बोटं कडीला जेमतेम टेकलेली.

"पुस्तक मिटलं की ती एकटी. उघडून पालथं घातलं की तिला दार सापडतं," ताई म्हणाली. "काय डोकं असेल या माणसाचं!"

प्रकाशकाला मात्र मागची बाजू मोकळी हवी होती.

"दार उडवा हो. तिथे कादंबरीची ओळख टाकायचीय, बारकोड टाकायचाय. मुलगी राहू दे. मुलगी बघून लोक पुस्तक उचलतात."

ताई धुसफुसली. मग काम ते काम म्हणून बसली. कॉम्प्युटरवर घेतलेल्या चित्रातलं दार पुसलं. कणा काळा केला. मुलीचा हात आता कडेशीच संपत होता.

आवाज त्यानंतर सुरू झाला.

आधी माझ्या लक्षातच आलं नाही, कारण तसा आवाज आमच्या घरात रोजचाच. आईची नजर फार अधू झालीय. ती भिंतीला तळवा लावून चालते. सर्र... थांबते... पुन्हा सर्र.

त्या शनिवारी मी स्वयंपाकघरात भांडी पुसत होतो. बाहेर अंधारून येत होतं. पॅसेजमधून आवाज येत होता.

सर्र...

सर्र...

ताई तणतणत आत आली. "आईला एकटीला काय सोडलंयस रे? मघापासून चाचपडतेय ती. निदान दिवा तरी..."

ती बोलता बोलता थांबली.

आई माझ्या शेजारी स्टुलावर बसून लसूण सोलत होती.

पॅसेजमध्ये... सर्र.

आम्ही दोघंही जागचे हललो नाही. आई मात्र निवांत.

"ती मुलगी आहे," ती म्हणाली. "कालपासून दार शोधतेय बिचारी. तुमच्याकडे कोणी आलीय ना?"

"कोण मुलगी, आई?"

"मला काय माहीत! बोलत नाही फारशी."

मी कसाबसा जाऊन दिवा लावला. कोणी नव्हतं. पण पॅसेजच्या भिंतीवर, हाताच्या उंचीवर, कालपर्यंत नसलेला एक लांब पट्टा होता. रंग घासून अगदी गुळगुळीत झालेला. मी त्याच्या मागे मागे गेलो. पट्टा पुढच्या खोलीत वळला होता... आणि ताईच्या खुर्चीच्या मागून गेला होता.

ती तिथे बसलेली असताना.

त्या रात्री आम्ही तिघं एकाच खोलीत झोपलो. आवाज आला नाही. दुसऱ्या दिवशी उजेडात सगळं जरा वेडगळ वाटायला लागलं. ताई म्हणाली, ओल धरली असेल भिंतीला. मीही हो म्हणालो.

आता आमच्या गॅलरीबद्दल सांगायला हवं. ती अगदी अरुंद, जेमतेम पाऊलभर. तिचा कठडा गंजला होता, म्हणून काढून टाकला होता. नवा अजून बसायचा होता. दाराला वरची कडी लावून ठेवली होती आणि आईला बजावलं होतं की तिकडे फिरकायचं नाही.

संध्याकाळी मी दूध घेऊन वर आलो. घरात शिरलो, तर अंगावर वारा आला.

गॅलरीचं दार सताड उघडं होतं.

आई उंबरठ्यावर उभी होती. एक हात पुढे केलेला. एक पाय गॅलरीत. आणि त्याच्या पुढे... काहीच नाही. तीन मजले खाली रस्ता.

"आई!"

"ओरडू नकोस रे," आई शांतपणे म्हणाली. "तिला दार दाखवतेय. तिने हात धरलाय माझा."

पिशवी टाकून मी धावलो. आईच्या कमरेला मिठी मारून मागे ओढलं.

आई हलली नाही.

माझी आई काडीसारखी आहे. एरवी मी तिला एका हाताने उठवतो. पण त्या वेळी ती तसूभरही मागे येईना... कारण समोरून तिला कोणीतरी ओढत होतं.

आईचा दुसरा पाय पुढे सरकला.

"ताई!" मी किंचाळलो.

ताई आतल्या खोलीत फोनवर होती. ती धावत आली. आमच्याकडे बघितलं. आणि तशीच मागे वळून पळाली. मला वाटलं, घाबरून पळाली.

ती परत आली तेव्हा तिच्या हातात ते जुनं पुस्तक होतं. तिने ते मधोमध उघडलं आणि आईच्या पायाशी, उंबरठ्यावर पालथं ठेवलं.

"हे घे!" ताई रडत ओरडली. "हे घे तुझं दार!"

क्षणभर काहीच झालं नाही.

मग... कडी काढल्याचा आवाज. लहानसा. अगदी पायाशी.

मी आणि आई धाडकन मागे कोसळलो. ताईने गॅलरीचं दार लावलं आणि त्याला पाठ टेकवून खालीच बसली.

पहिली आईच बोलली. "गेली का? सांगून तरी जायचं."

दुसऱ्या दिवशी ताईने प्रकाशकाला ठणकावलं. दार राहील, नाहीतर दुसरं कोणी बघा. त्याने कुरकुर केली, पण कादंबरीची ओळख आतल्या बाजूला घ्यायला तयार झाला. फक्त मूळ चित्र मिळतं का बघा म्हणाला.

म्हणून आम्ही चित्रकाराच्या मुलीकडे गेलो. त्याही आता वयस्क. चित्र त्यांच्या बैठकीच्या खोलीत टांगलेलं होतं.

जिना होता. दार होतं.

मुलगी नव्हती.

"बाबांनी माणूस काढलाच नव्हता," त्या म्हणाल्या. "पुस्तक छापून आलं, तेव्हा ती त्यात होती. बाबा छापखान्यात जाऊन भांडले. ते लोक म्हणाले, तुम्ही दिलंत तेच छापलंय."

"मग?" ताईने विचारलं.

"मग काय? आमच्या घरात ते पुस्तक कधी आलं नाही. बाबांनी येऊच दिलं नाही."

नवी आवृत्ती त्या मूळ चित्रावरून निघाली. नुसता जिना आणि दार. लोकांनी ताईचं कौतुक केलं. ती मान डोलावते आणि विषय बदलते.

जुनं पुस्तक आमच्याकडेच आहे. आम्ही ते अजून मिटलेलं नाही. दोन हातांनी तसंच उचलून ताईच्या कपाटावर ठेवलंय, पालथं. धूळसुद्धा फुंकर मारूनच काढतो.

पण बांधणी जुनी आहे. इतके दिवस पालथं राहून कण्यावरचा कागद भेगाळत चाललाय. ताईने चिकटपट्टी लावली, ती सुटली. दुसरी लावली, तीही सुटली. एक दिवस पुढची बाजू आणि मागची बाजू आपोआप वेगळी होणार, हे आम्हा दोघांनाही दिसतंय.

काल संध्याकाळी जेवता जेवता आईने मान वर केली.

"कागद फाटल्यासारखा आवाज आला का रे?"

मी नाही म्हणालो.