मागच्या सीटची उशी

लाइट गेलेत तर जाऊ द्या. ते मोबाइल विझवा आधी, डोळ्यांत जातात. आणि धाकटे, तू भिंतीकडे सरक, उद्या तुझ्या आईची बोलणी मला नकोत.

ही गोष्ट आमच्या वायरवाल्याची. गाड्यांचं इलेक्ट्रिकचं काम करायचा, म्हणून वायरवाला. माझा जुना दोस्त. त्याला थाप मारणं कधी जमलंच नाही, पत्त्यांतसुद्धा पकडला जायचा.

डिसेंबरातला शेवटचा गुरुवार. संध्याकाळी त्याला ओळखीच्या एका मास्तरीणबाईंचा फोन आला. बाईंचे यजमान जाऊन वर्ष होत आलं होतं. गॅरेजात त्यांची जुनी मोठी गाडी उभी. बटण दाबलं की सीटची डोकं टेकायची उशी मोटरवर वर-खाली व्हायची, त्या काळातला तोरा. ड्रायव्हरच्या सीटची उशी पार वर जाऊन अडकली होती. यजमान होते ताडमाड. बाई जेमतेम त्यांच्या खांद्याला लागायच्या, त्यांचं डोकं त्या उशीला टेकायचंच नाही.

"आज रात्रीच करून द्या, भाऊ," बाई म्हणाल्या. "उद्या लेक बाळाला घेऊन दवाखान्यातून निघतेय. तिला आणायला मी स्वतः जाणार."

आता नीट ऐका. उभ्या संसारात त्या माणसाने बायकोला स्टिअरिंगला हात लावू दिला नव्हता. 'तुला नाही जमायचं', विषय संपला. तो गेल्यावर बाईंनी क्लास लावला, लायसन्स काढलं. मला तर त्या माणसाचा अजून राग येतो, मेलेला असला तरी.

वायरवाल्याने सीटची पाठ उघडली. आत मोटरच्या प्लास्टिकच्या गिअरचे दात उडालेले. एवढ्या जुन्या गाडीचा भाग बाजारात मिळतोय कुठला. मग त्याने या धंद्यात सगळेच करतात ते केलं. मागच्या डाव्या सीटची मोटर गिअरसकट काढून पुढे बसवली. मोटर निघाल्यावर मागची उशी धपकन खाली बसली. वर ओढली तरी टिकेना, सोडली की खाली. राहू दे, म्हणाला, मागे कोण बसतंय.

रात्री साडेअकराला पुढची उशी बाईंच्या उंचीला आली. तो पाने-पकडी आवरायला लागला.

किर्र...

उशी वर. थेट यजमानांच्या उंचीला.

बटण चिकटलं असेल. त्याने खाली घेतली. पुन्हा वर. फ्यूज काढला. तरी वर.

मग बॅटरीची वायरच सोडवली. गाडीतला दिवा मेला. आता करंट कुठेच नाही.

किर्र...

आणि उशीच्या मधोमध कापड दबलं. हळूहळू. कोणी डोकं टेकावं तसं.

वायरवाला दोन पावलं मागे सरला. "बाई... राहू द्या. उद्या टॅक्सी करा."

 बाईंनी आपल्याजवळचा टॉर्च त्याच्या हातात दिला. बाह्या सरसावल्या. ड्रायव्हरचं दार सताड उघडलं.

"अहो," त्या म्हणाल्या. रोज चहाला हाक मारावी तशा. "उठा तिथून. पुष्कळ बसलात. गाडी मी चालवणार आहे."

...

"मला जमतं. नातीला बघायचं असेल तर मागे बसा. नसेल तर घरी थांबा. पण इथून उठा."

...

दबलेलं कापड फुगून वर आलं.

किर्र...

उशी उतरायला लागली. बोट बोट. बाईंच्या मापाला आली आणि थांबली.

बाई सीटवर बसल्या. डोकं टेकवून पाहिलं. "जोडा बॅटरी," म्हणाल्या.

सकाळी वायरवाला दवाखान्याच्या फाटकाशी जाऊन उभा राहिला, राहवेना म्हणून. बाई आल्या. दोन गाड्यांच्या मधल्या फटीत गाडी रिव्हर्स घेऊन एका दमात लावली, आणि कधी नव्हे त्या खळखळून हसल्या. लेक बाळाला घेऊन मागे बसायला निघाली. डाव्या बाजूचं दार उघडलं, आत पाहिलं, बंद केलं. वळसा घालून उजवीकडून बसली. का, ते तिलाही सांगता आलं नाही.

गाडी समोरून गेली तेव्हा वायरवाल्याने मागच्या काचेतून पाहिलं. डाव्या सीटची उशी... जिची मोटर त्याने स्वतः काढली होती...

पार वर होती. आणि मधोमध दबलेली.